बॅटरीवरची बैलगाडी

बेबीनंदाबाई बोर्डे राजूरच्या प्राथमिक शाळेत कायम झाल्या. भोकरदनहून राजूरला त्या ज्या गाडीने जायच्या ती पेट्रोल पीत नव्हती, डिझेल पीत नव्हती, धूर सोडत नव्हती आणि आवाजही करत नव्हती. चौऱ्याहत्तर सालची गोष्ट.

आता हे विसरून जा. असं काही झालेलं नाही. तशी गाडी अस्तित्वात नसल्याचं सरकारी शिक्क्यानिशी लेखी मिळालेलं आहे, आणि नसलेल्या गाडीत बसून कुणी शाळेत गेलं म्हणणं म्हणजे सरकारला खोटं पाडणं. तेव्हा बाई गेल्या नाहीत, गाडी धावली नाही, आणि भुजंगमास्तरांच्या अंगणात ताडपत्रीखाली जे उभं आहे ते तुम्ही पाहिलेलं नाही. एवढं ठरलं, की पुढचं सांगायला हरकत नाही.

भुजंग बोर्डे भोकरदनच्या हायस्कुलात दुपारच्या वर्गांना सायन्स शिकवायचे. बेबीनंदाबाई त्यांच्या पत्नी. सासर आणि माहेर दोन्ही मोजून सरकारी नोकरी लागलेली ही पहिलीच बाई. ही बातमी त्यांच्या वडिलांनी शहागडला गोदावरीच्या अलीकडे सांगितली, आणि कुणी राहिलं असेल म्हणून नावेत बसून पलीकडे जाऊनही सांगितली. पण नोकरी अजून कच्ची होती. वर्षभर वेळेवर हजर राहायचं, मग विस्तार अधिकारी येऊन शाळा तपासणार, आणि मग बाई कायम होणार.

त्या वर्षी अरबांनी तेल महाग केलं. ते करताना अरबांनी भोकरदनचा विचार केला नव्हता. तो सरकारने केला. डिझेल वाचवायचं म्हणून राजूरची सकाळची बस बंद झाली, आणि ती जिथे थांबायची तिथल्या भिंतीवर 'तेल वाचवा' असा मोठा रंगीत कागद लागला. बेबीनंदाबाई रोज त्या कागदाखाली उभ्या राहून तेल वाचवायच्या. पुढची बस त्यांना राजूरला नेऊन सोडायची तेव्हा शाळेची प्रार्थना संपून पाढे सुरू झालेले असायचे. मुख्याध्यापक काकासाहेब हे मनाने हळवे गृहस्थ होते. ते आधी बाईंची माफी मागायचे आणि मग पट्टी धरून हजेरीवर लाल रेघ मारायचे. रेघ वाकडी आली तर पुन्हा माफी मागायचे.

राजूरलाच खोली का घेतली नाही, असं कुणी विचारील. खोल्या पाहिल्या होत्या. रिकाम्या होत्या. आडनाव सांगितलं, की लगेच भरायच्या.

अशा स्थितीत माणूस नशिबाला दोष देतो किंवा अर्ज करतो. मास्तरांनी डायनामो आणला.

गावाबाहेर तंबूत सिनेमा दाखवणारी टॉकीज बुडाली होती आणि तिचं सामान विकायला निघालं होतं. पडदा कापूसवाल्याने नेला, खुर्च्या लग्नमंडपवाल्याने नेल्या. दिवा पेटवायचा डायनामो तेवढा कुणी घेईना. डायनामो फिरवला की वीज येते आणि त्याच्यात वीज सोडली की डायनामो फिरतो, हे मास्तर दरवर्षी नववीला शिकवायचे आणि नववी दरवर्षी विसरायची. मास्तर स्वतः विसरले नव्हते. जालन्याच्या भंगारातून त्यांनी मालवाहू तीनचाकीचा सांगाडा आणला. सासऱ्यांनी हायवेवरच्या ट्रकवाल्यांकडून थकलेल्या बॅटऱ्या जमवून पाठवल्या, त्या मास्तरांनी नवं पाणी-ॲसिड घालून ताज्यातवान्या केल्या. खर्च किती आला ते बेबीनंदाबाईंनी विचारलं नाही. मास्तरांनी हे त्यांच्या प्रेमाचं लक्षण मानलं.

गाडी अंगणात आकार घेऊ लागली तसे शेजारी जमले. सल्ला फुकट होता, आणि गल्लीत त्याचा तुटवडा कधीच नव्हता. एकाने टपावर पंखा बसवायला सांगितलं, म्हणजे गाडी पळाली की पंखा फिरेल, पंखा फिरला की बॅटरी भरेल आणि गाडी जन्मभर थांबणार नाही. मास्तरांनी त्याला ऊर्जेचा नियम समजावला. तो म्हणाला, नियम शहरातल्या वाऱ्यासाठी असेल. शेजारच्या मालनबाईंनी दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरच्या आणून दिल्या. बेबीनंदाबाईंनी मिरच्या भाजीत घातल्या आणि लिंबाचं सरबत करून मालनबाईंनाच पाजलं.

समोर अप्पाराव राहायचे. आयुष्य तहसिलीत कारकुनी करून ते निवृत्त झाले होते, पण निवृत्ती अंगात भिनली नव्हती. ते ओट्यावरून रोज बघायचे. शेवटी एकदा उतरून आले.

"मास्तर, गाडी करून राह्यले ते बराबर हाय," ते म्हणाले. "पण कोणत्या कलमाखाली करून राह्यले?"

मास्तर म्हणाले की गाडी कलमावर चालत नाही, बॅटरीवर चालते. अप्पाराव त्यांच्याकडे दयेने बघत ओट्यावर परत गेले.

पहिल्या दिवशी गाडी सुरू झाली हे कुणालाच कळलं नाही. गल्लीचं टोक आलं तेव्हा मास्तरांनाही कळलं. गावातली कुत्री गाडीवर भुंकतात ती आवाजामुळे. ही गाडी शेजारून गेली तेव्हा ओळखीचं कुत्रं उठून उभं राहिलं, त्याने आपल्याच कानाला काही झालंय का अशा चेहऱ्याने मास्तरांकडे बघितलं, आणि दिवसभर खाल्लं नाही. वेग बेताचा होता. मनावर घेतलेला सायकलवाला पुढे गेला असता. पण पहाटे निघालं तर गाडी शाळेच्या घंटेआधी राजूरला पोचत होती. तिथे रेडिओच्या बॅटऱ्या चार्ज करून देणारं एक दुकान होतं. शाळा सुटेपर्यंत गाडी तिथे वीज पीत बसायची आणि मास्तर आपल्या दुपारच्या वर्गांसाठी मिळेल त्या ट्रकने भोकरदनला परतायचे, आणि संध्याकाळी तसेच येऊन बाईंना गाडीने घरी आणायचे. पहिला आठवडा काकासाहेबांची पट्टी टेबलावर नुसती पडून राहिली.

मग सर्जेराव आले.

सर्जेरावांची नाक्याजवळ काळी जमीन होती, आणि तिच्या कोपऱ्यात त्यांचा पेट्रोलपंप होता. पंपावर बहुतेक वेळा 'पेट्रोल नाही' अशी पाटी असायची. पण पाटी असली तरी पंप त्यांचा होता, आणि तालुक्यात ज्याला कुठे जायचं असेल त्याला आधी सर्जेरावांना नमस्कार करावा लागायचा. त्यांनी गाडीला एक फेरा घातला, वाकून खाली बघितलं, सीट उचलून बघितली.

"टाकी कुठं हाय?"

"न्हाई," मास्तर म्हणाले.

"मंग भरता कुठून?"

"भरतच न्हाई."

सर्जेरावांनी उचललेली सीट खाली ठेवली. भर अंगणात, चार लोकांत, बायामाणसांसमोर असलं बोलणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी पोलीस जमादार दारात. गाडीला नंबर नाही, नंबर नसलेली गाडी रस्त्यावर दिसली तर जप्त करीन, असं तो म्हणाला, आणि तक्रार कुणाची ते विचारू नका असं सांगताना पंपाकडे बघत राहिला.

नंबर औरंगाबादला मिळायचा. गाडी तिकडे न्यायची तर रस्त्यावर आणायला मनाई, म्हणून ती ट्रकमध्ये चढवली. बिनतेलाची गाडी सरकारला दाखवण्यासाठी ट्रकने जाऊन येऊन किती डिझेल जाळलं ते मास्तरांनी मनात मोजलं आणि मग मोजणं सोडून दिलं.

तपासणीचे साहेब सज्जन होते. त्यांनी इंजिनचा नंबर विचारला. इंजिन नाही म्हटल्यावर म्हणाले, असू दे, नंबर सांगा. मग गाडी सुरू करायला सांगितली. मास्तर म्हणाले, सुरूच आहे. साहेबांनी कान लावला, शिपायाला कान लावायला सांगितलं, शिपायाने नकारार्थी मान हलवली. त्यानंतर साहेबांनी सायलेन्सर विचारला. प्रत्येक मोटारीला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे असा नियम होता. मास्तर म्हणाले, आवाजच नाही तर कमी काय करायचा? साहेब म्हणाले, ते सायलेन्सर बसवल्याशिवाय कसं कळणार?

मास्तर बाहेर गेले आणि त्यांनी एका गॅरेजमधून जुन्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर आणून गाडीला तारेने बांधला. साहेबांनी पुन्हा कान लावला. फार समाधान झालं त्यांचं. इतका उत्तम सायलेन्सर आपण नोकरीत पाहिला नाही, असं ते म्हणाले, आणि सायलेन्सर पास करून गाडी नापास केली. इंजिन नाही म्हणजे ही मोटार नाही. नियमात दिलेल्या एकाही प्रकारात बसत नाही, सबब असे वाहन अस्तित्वात नाही. मास्तरांनी ते लेखी मागितलं. साहेबांनी आनंदाने लिहून शिक्का मारला आणि निघताना खालच्या आवाजात विचारलं, आमच्या स्कूटरला बसेल का हो हे बॅटरीचं?

मास्तर घरी आले तेव्हा पाहुणे बसले होते. सर्जेराव, आणि त्यांच्याबरोबर एका स्कूटर कंपनीचा एजंट, टेरिलिनच्या शर्टातला. त्या काळात स्कूटरला नंबर लावायचा आणि मग मुलं मोठी करायची. कित्येक घरांत आजोबांनी लावलेला नंबर नातवाच्या लग्नात लागायचा. एजंट म्हणाला की कंपनीला मास्तरांच्या हुशारीचं कौतुक आहे. बाईंसाठी रांगेबाहेरची नवी स्कूटर, निळी, सही होताच दारात. डायनामो तेवढा कंपनी आपल्या गोदामात जपून ठेवील. आणि एका कागदावर मास्तरांनी सायन्सचे शिक्षक म्हणून सही करायची, की असलं वाहन चालू शकत नाही, प्रयोग करून पाहिला, फसला.

"चालतंय की पण," मास्तर म्हणाले.

"चालतंय म्हणून तर आलो," एजंट म्हणाला. तो निदान खरं बोलत होता.

सर्जेरावांनी समजावलं. मास्तर, तुम्ही शिकले, बाई शिकल्या, चांगली गोष्ट हाय. पण गाड्या करणं हे कंपन्यांचं काम, अन् त्या कोणी करायच्या ते सरकारचं काम. मधी तुम्ही कशापायी?

बेबीनंदाबाई आतून चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "स्कूटर पेट्रोलवर चालती ना?"

एजंट हसून म्हणाला, अर्थात.

"आन पेट्रोल?"

सर्वांनी सर्जेरावांकडे पाहिलं. सर्जेरावांनी चहाकडे पाहिलं.

"म्हंजी सर्जेराव पाटी काढतील त्या दिवशी माझी शाळा," बाई म्हणाल्या. "चहा घ्या. साखर बराबर हाय का?"

एजंटाने कागद फळीवर ठेवला आणि म्हणाला, घाई नाही, शाळा तपासणी होईपर्यंत विचार करा. तपासणीची तारीख त्याला कुणी सांगितली, ते कुणी विचारलं नाही.

आता गाडी अंगणात आणि बाई पुन्हा त्या रंगीत कागदाखाली. दोन लाल रेघा पडल्या. अशा वेळी अप्पाराव समोरचा ओटा उतरून आले. औरंगाबादचा शिक्का त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रक्त आलं.

"मोटार न्हाई असं सरकारच लिहून राह्यलंय," ते म्हणाले. "मंग मोटारीचे कायदे हिला लागतेतच कसे? चाकं हायेत, इंजिन न्हाई. मास्तर, ही बैलगाडी हाय."

ग्रामपंचायतीत बैलगाडीचा पत्र्याचा बिल्ला मिळायचा. ग्रामसेवकाने गाडीपट्टी भरून घेतली, बिल्ला दिला आणि पावतीवर छापलेली अट वाचून दाखवली: गाडीस बैल जोडलेला असावा. बैलगाडी हाकायला लायसन लागत नाही, हे बेबीनंदाबाईंनी तिथेच विचारून घेतलं. मास्तरांना त्यात काही वावगं दिसलं नाही. ते दुसऱ्या दिवशी दिसलं, कारण बाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या.

मालनबाईंचा बैल आणून पुढे बांधला. बैल सरळ माणूस होता, म्हणजे बैलच होता, पण सरळ. त्याने जोर लावायला मान खाली घातली आणि ओढायच्या आधीच गाडी मागून आली. असलं त्याच्या उभ्या आयुष्यात झालं नव्हतं. त्याने मागे वळून पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं, आणि एकदा त्याला कळलं की ओझं नाही, तेव्हा घाईही राहिली नाही. वाटेत त्याने दोन्ही बाजूंचं गवत चाखलं, ओळखीच्या विहिरीपाशी थांबला, आणि एका ओढ्यात उभा राहून बराच वेळ विचार केला. बाई राजूरला पोचल्या तेव्हा मुलं डबे खात होती.

काकासाहेबांनी रेघ मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. उद्या साहेब तपासणीला येणार, म्हणाले, आता आणखी एक रेघ पडली तर 'अनियमित' असं लिहिण्यावाचून माझ्या हातात काही न्हाई, बाई.

त्या संध्याकाळी मास्तरांनी फळीवरचा कागद काढला. पेनाचं टोपण उघडून बराच वेळ बसले. दरवर्षी नववीला सांगितलेली गोष्ट खोटी आहे असं लिहायचं होतं. एका सहीचं काम होतं, आणि बायकोची नोकरी त्यांना त्या सहीच्या पलीकडे निळ्या रंगात उभी दिसत होती.

"नववीला काय सांगणार मंग?" बेबीनंदाबाई म्हणाल्या.

"दुसरं काही तरी सांगीन. बेडूक सांगीन."

"आन मी काय सांगू? सायबानं गाडी नसलेली म्हटली म्हणून आम्हीबी नाही म्हटलो?" त्यांनी पेन काढून घेतलं. "आपल्याला नाही म्हणणाऱ्याच्या कागदावर आपणच सही करायची, हे आपल्या घरात बंद झालंय. दीक्षा घेतली त्या दिवशीच माझ्या सासऱ्यांनी बंद केलंय. जावा, अप्पारावांना बोलवा."

मास्तर गेले. अप्पाराव आले तेव्हा बाई कुंपणापाशी उभ्या होत्या आणि मालनबाईंच्या गायीचा बिनशिंगाचा कोवळा गोऱ्हा त्यांचा पदर चाटत होता.

"अप्पाराव, हा बैल हाय का?"

अप्पारावांनी वरून खालून पाहिलं. "नर हाय. जात बराबर हाय. वयाची अट न्हाई."

"आन जोडलेला म्हंजी पुढंच का?"

अप्पारावांनी पावती दोनदा वाचली. "'जोडलेला' एवढंच हाय," ते हळूच म्हणाले. "कुठं, ते न्हाई." आणि त्यांनी बेबीनंदाबाईंना नमस्कार केला. तहसिलीत त्यांनी तो कलेक्टर सोडून कुणाला केलेला नव्हता.

तपासणीच्या दिवशी पहाटे गाडी निघाली. पुढे बेबीनंदाबाई. मागे हौद्यात दाव्याने रीतसर जोडलेला गोऱ्हा, आणि त्याने उडी मारू नये म्हणून त्याच्या गळ्यात हात घालून गाडीचे शोधक. गोऱ्ह्याला प्रवास आवडला. त्याने मास्तरांचा कान, कॉलर आणि खिशातला खडू अशा क्रमाने चव घेतली. समोरून येणारे लोक बाईंना नमस्कार करायचे आणि मागे बघून गोऱ्ह्याला हसायचे. आपल्याला हसत नाहीत असं मास्तरांनी ठरवून टाकलं होतं.

नाक्यावर जमादार आडवा आला. शेजारी पंप होता, पंपावर पाटी होती, पाटीखाली डबे घेऊन लोक रांगेत बसले होते, आणि सर्जेराव खुर्ची टाकून वाट बघत होते.

"बाई, बैल कुठाय?"

"मागं बसलाय."

जमादाराने मागे जाऊन पाहिलं. "बैल गाडी ओढतो, बाई. बसत न्हाई."

"काल मोठा लई चाललाय, आज ह्याची पाळी. जोडलेला पाहिजे, हे दावं बघा. ओढलीच पाहिजे असं कुठं लिहिलंय ते दाखवा, मी इथंच उतरते."

जमादाराने पावती वाचली, उलटी करून वाचली, आणि सर्जेरावांकडे पाहिलं. सर्जेराव उठून आले. ही फसवणूक हाय, म्हणाले. जी बैल ओढीत न्हाई तिला बैलगाडी कोण म्हणंल?

बेबीनंदाबाईंनी पाटीकडे बोट केलं. "सर्जेराव, तुमच्या पंपावर पेट्रोल न्हाई. तरी त्याला पंप म्हणत्यातच की. मंग माझा बैल वढीत न्हाई, तरी ही बैलगाडी."

रांगेतला एक जण हसला. मग डबे वाजवत सगळी रांग हसली. ती अंधारातच येऊन बसली होती आणि तिला हसायला तोवर काही मिळालं नव्हतं. जमादाराने तोंडावर हात धरला आणि दुसऱ्या हाताने गाडीला वाट दिली. सर्जेराव मधे उभे होते. गाडी त्यांच्या अंगावरून जाणार नव्हती, पण ती येताना आवाज करत नव्हती, आणि कधी पोटाला टेकेल ते सांगता येत नव्हतं. सर्जेराव बाजूला झाले.

घंटा व्हायच्या आधी गाडी शाळेच्या फाटकात उभी राहिली. काकासाहेब लाल पेन उघडून दारात होते. त्यांनी बाईंना पाहिलं, गोऱ्ह्याला पाहिलं, गोऱ्ह्याच्या गळ्यातल्या मास्तरांना पाहिलं, आणि पेनाला टोपण लावलं. विस्तार अधिकारी मधल्या सुट्टीनंतर आले. त्यांच्यासाठी लाल शाई नव्हती.

बाई कायम झाल्या. एजंटाचा कागद चुलीत गेला. त्याच्यावर एक चहा झाला. गाडी रोज जाऊ लागली आणि बॅटऱ्यांनी कधी तक्रार केली नाही. अडचण वेगळीच निघाली, आणि तिच्यावर सायन्समध्ये उपाय नव्हता. मालनबाई गोऱ्ह्याला सरकी खाऊ घालत होत्या, राजूरची मुलं भाकरी घालत होती, आणि गोऱ्हा, ज्याला अटीमुळे घरी ठेवता येत नव्हतं, तो वाढत होता. दिवाळीला त्याने राजूरचा चढ मुश्किलीने चढू दिला. संक्रांतीला चढावर मास्तरांना उतरावं लागलं. होळीच्या सुमाराला मास्तर गाडी ढकलत होते, बाई हाकत होत्या आणि बैल वरून बघत होता. त्याला उतरवलं तर कायदा मोडत होता.

दुसरा गोऱ्हा घ्या, असं लोक सुचवायचे. बेबीनंदाबाई म्हणायच्या, का म्हणून? चूक त्याची हाय का? नंबर द्यायचा सरकारनं, अन् घर सोडायचं गोऱ्ह्यानं? मास्तरांनी मग अप्पारावांसमोर बसून अर्ज लिहिला, वाहन खात्याला आणि पशुसंवर्धन खात्याला एकेक प्रत. अप्पारावांनी त्यातला राग काढला आणि 'सदर' हा शब्द घातला. अर्जाचा शेवट असा होता:

'…तरी मेहेरबान साहेबांस नम्र विनंती की, सदर वाहन अस्तित्वात असल्याचे सरकारास मान्य होऊन त्यास मोटार म्हणून नंबर मिळेपर्यंत, सदर गोऱ्ह्याची वाढ पुढील आदेशापर्यंत स्थगित करण्यात यावी, व त्या आदेशाची एक प्रत गोऱ्ह्यास माहितीसाठी व तात्काळ अंमलबजावणीसाठी देण्यात यावी. कळावे.'